आतलं काढून मिळेल

कडेगावात एस.टी. स्टँडच्या मागं गाळ्यांची एक रांग आहे. त्यातला पाचवा गाळा माझा, झेरॉक्स आणि टायपिंगचा. सहावा हवालदारांचा होता. आता तिथं मोबाईलची कव्हरं विकतात. नव्या दुकानदारानं आतलं सगळं बदललं, भिंतीला आरसे लावले, रंगीत दिवे लावले, पण बाहेरचा जुना पत्र्याचा बोर्ड काढायचा त्याला कंटाळा आलेला दिसतो. त्यावर अजून तीन ओळी वाचता येतात :

बंद कॉम्प्युटर चालू करून मिळणार नाही.
आतलं काढून मिळेल.
फोन उचलला जाणार नाही, समक्ष यावे.

असा बोर्ड लावून कुणी धंदा करतं का? मी त्यांना पहिल्याच आठवड्यात हे विचारलं होतं. ते माझ्या तोंडाकडं टक लावून बघत राहिले आणि मग गाळाभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "खरं लिवलंय त्यात. वाचून आत यावं मानसानं."

नाव हणमंतराव. गाव कोरेगावकडं, घरचा ऊस, घरातली दोन पिढ्यांची माणसं फौजेत. हे सिग्नलमध्ये, म्हणजे वायरलेसवर, बावीस वर्षं काढून हवालदार म्हणून सुटले आणि बायकोच्या माहेरी येऊन राहिले, कारण सासूला बघायला दुसरं कुणी नव्हतं. कॉम्प्युटरचं सगळं शिक्षण फौजेतलं आणि उरलेलं भंगारातलं. हिवाळा असो की उन्हाळा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, वर खिशात एक बारीक पेचकस. टेबलावर काळं कापड. आलेल्या प्रत्येक डिस्कला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. चहा स्टीलच्याच पेल्यात, कागदी कप पुढं केला तर परत पाठवायचे.

मी सुरुवातीला त्यांच्यावर जाम खार खाऊन होते, हे आधीच कबूल करते. एक तर ते तोंडाकडं बघणं. डोळ्यांत नाही, तोंडाकडं. मी मूळची आष्ट्याची. आमच्याकडं कुणी असं बघितलं तर बाई तिथल्या तिथं विचारते, काय रं, दात मोजतोस का? पण हे साठीकडं झुकलेले, फौजेतून आलेले आणि शेजार कायमचा. म्हणून मी गप्प बसले. घरी मात्र मालकांना सांगितलं की शेजारचा बाबा काही धड दिसत नाही. दुसरं म्हणजे ताठा. ते पाठमोरे बसलेले असले की मी दारातून विचारायची, "हवालदार, चहा सांगू का?" हूं नाही की चूं नाही. दोनदा, तीनदा विचारायचं आणि तोंडात मारल्यासारखं परत यायचं. मी आख्ख्या रांगेला सांगून ठेवलं होतं की हा माणूस स्वतःला जनरल समजतो. लोकांनाही पटायचं. फोन तर ते खरंच कधी उचलायचे नाहीत.

काम मात्र बघत बसावं असं होतं.

गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला. "बंद पडल्यावर किती बार चालू केला?"

"एकदाच."

हवालदार नुसते बघत राहायचे. मग समोरचा चुळबुळायचा. "दोन-तीनदा केला आसंल."

"खरं बोला."

"आवं, पंधरा-वीसदा केला. मग भावानं वरनं दोन चापट्या हाणल्या."

"मेलेल्याला उठवाय गेलं की जे जित्तं आसतंय ते बी जातंय," हवालदार म्हणायचे. "ठेवा खाली."

मग डिस्क बाहेर काढायची, तिला वीज द्यायची आणि तो पेचकस खिशातून काढून त्याची मूठ दातांत धरायची, टोक डिस्कवर टेकवायचं आणि डोळे मिटायचे. तसे ते मिनिटभर बसत. येणारे-जाणारे थांबून बघायचे. कुणी म्हणायचं मंत्र टाकतोय, कुणी म्हणायचं चव घेतोय. उघडले डोळे की निकाल सांगायचे. "सुई अडखळतीया" किंवा "सुई ठीक हाय, पाटी गेलीया". सुई म्हणजे आतली वाचणारी, पाटी म्हणजे खालची चिपांची. चुकलेलं मी तरी बघितलं नाही. मला वाटायचं, फौजेतली सवय असेल काहीतरी.

दुसरा प्रश्न याहून अवघड. "एक फाईल सांगा."

त्याचं असं होतं की ते कुणाचं काही उघडून बघत नसत. पण काम झालं का नाही हे कळायला एक तरी फाईल उघडावी लागते. ती गिऱ्हाइकानं सांगायची. ती उघडली की काम संपलं, बाकीचं तसंच बांधून द्यायचं. ऐकायला साधं वाटतं. पण दहा-बारा वर्षांच्या पसाऱ्यातून एकच सांगा म्हटलं की भली भली माणसं दारात जाऊन विचार करून परत यायची.

एका दसऱ्यानंतरची गोष्ट. सोनसळकडचा एक ऊसवाला बागायतदार टेम्पोतून कॉम्प्युटर घेऊन आला. बाहेरच्या डब्याला पाच बोटं हळदीची, वर कुंकू, झेंडूचा वाळलेला हार. आमच्याकडं खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड, ट्रॅक्टर सगळ्यांची पूजा होते, तशी त्याचीही झालेली.

"नारळ कुठं फोडला?" हवालदारांनी विचारलं.

"म्होरंच की."

"म्होरं म्हंजी?"

"आता... त्याच्यावरच. दगुड न्हवता घरात."

"देवानं नारळ मागितला आसंल गड्या. ह्याचं डोस्कं मागितलं न्हवतं."

डबा उघडला तर आत पाणी वाळून चिकट झालेलं, पंख्यात झेंडूच्या पाकळ्या, चिपांच्या पाटीवर अक्षता. हवालदारांनी त्या चिमट्यानं एकेक वेचल्या, कागदाच्या पुडीत बांधल्या आणि बागायतदाराच्या हातात ठेवल्या. "घ्या. परसाद."

मी माझ्या दारात हसू दाबत उभी. मग आलं ते एका फाईलचं. "समदंच पायजे," तो म्हणाला. "समदं निघंल का न्हाई सांगता येत न्हाई. एक सांगा." तो बाहेर गेला, तंबाखू मळली, न खाता टाकून दिली आणि आत येऊन काहीतरी पुटपुटला. मी पाच हातांवर असून मला अक्षर कळलं नाही. हवालदारांना मात्र बरोबर कळलं, कारण ते खणखणीत आवाजात म्हणाले, "धाकट्या भावाच्या वरातीचा व्हिडिओ! लिवलं!" बागायतदार शरमेनं लाल. बांधावरून त्या दोघा भावांचं बोलणं कधीच बंद झालं होतं, आख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक होतं.

व्हिडिओ निघाला. त्यानं तिथंच उभं राहून बघितला. डोक्याचा फेटा सुटलेला धाकटा भाऊ बँडपुढं नाचत होता. "लय नाचलावता त्या दिशी," तो म्हणाला आणि शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. पुढं दोघं बोलायला लागले की नाही, मला माहीत नाही.

एक रिटायर हेडमास्तर होते, त्यांचं आत्मचरित्र अडकलं होतं. चारशे पानं. फाईल निघाली, पण उघडली तर मराठीचा पत्ता नाही, नुसते चौकोन आणि इंग्रजी खुणा. हेडमास्तर खुर्चीत बसले ते उठेनात. ते लिहिलेलं जुन्या टायपिंगमध्ये, तो अक्षरसंच माझ्या जुन्या मशीनवर होता. मी दिला आणि पानं सरळ झाली. गुरुजींना एवढा आनंद झाला की त्यांनी हवालदारांचे दोन्ही हात धरले. "कसं वाटलं लेखन?"

"वाचलं न्हाई."

"निदान पहिलं प्रकरण?"

"आमी आतलं काढतो. वाचत न्हाई."

गुरुजी जे रुसले ते आजतागायत. रस्त्यात भेटले की मला नमस्कार करायचे, हवालदारांना नाही.

पण त्यांचा खरा हट्ट कळला तो फोटो स्टुडिओवाल्याच्या वेळी. लग्नाचे फोटो होते. निघाले, पण कितीतरी अर्धे. वरती नवरा-नवरी, खाली नुसता राखाडी पट्टा. स्टुडिओवाला म्हणाला, हे काय मोठं नाही, खालची साडी आपण वरच्यावरून भरू, कोण बघतंय. हवालदार म्हणाले, "तुमी भरा. माझ्या हातनं न्हाई. जे गेलंय ते गेलेलं दिसाय पायजे."

त्या दिवशी ते बरंच बोलले. फौजेत वायरलेसवर निरोप यायचा, मध्येच खरखर व्हायची, एखादा शब्द बुडायचा. हुकूम असा होता की तिथं जागा मोकळी सोडायची आणि पुन्हा मागायचं. अंदाजानं शब्द घालायचा नाही. "एकानं घातला होता," ते म्हणाले. "त्याला वाटलं 'उद्या' म्हनाले आसतील. उद्या न्हवतं ते. मानसं गेली वैनी." कुठं, कधी, किती, ते सांगितलं नाही.

तर मग बिरूचं.

संक्रांतीच्या आसपासची थंडी होती. पूर्वेच्या माळाकडच्या एका वाडीतला हा बिरू, चाळिशीचा, टेम्पो चालवणारा, धनगराचा. काखेत काहीतरी काळं गुंडाळलेलं घेऊन आला. हवालदार एकदम उठून उभे राहिले.

"लोकरीत गुंडाळलाय? आसल्या सुक्या थंडीत? ठिणगी उडती तिच्यातनं! मरंल की आत हाय ते!"

"आवं, देवाचं घोंगडं हाय ते," बिरू म्हणाला. "दुसऱ्या कशात आणू?"

हवालदारांनी आधी ते घोंगडं नीट घडी करून स्टुलावर ठेवलं, हात धुतले, अंगातली वीज उतरावी म्हणून खिडकीच्या गजाला हात लावला आणि मग कॉम्प्युटरकडं वळले.

आत एकच गोष्ट होती, म्हणून दुसरा प्रश्न विचारायची पाळीच आली नाही. वाडीच्या जत्रेत बिरोबापुढं ओवी म्हणायचा मान बिरूच्या घराचा. देवाची आख्खी कथा, ढोलावर, पाच तास. बिरूचे वडील धुळाआबा ती म्हणायचे. लिहिलेली कुठं नाही. तुकड्या-तुकड्यानं म्हणायची नाही, देव अर्ध्या वाटेत उभा राहतो, असं आबांचं म्हणणं. म्हणून बारा वर्षांपूर्वी बिरूनं जुना कॉम्प्युटर घेतला, आबांना माइकपुढं बसवलं आणि एका बैठकीत सगळी ओवी भरून घेतली. पुढं कॉम्प्युटर बंद पडला. कुणाला काही वाटलं नाही, कारण आबा होते की धडधाकट. गेल्या दिवाळीत आबांच्या अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सगळं समजायचं, बोलता काही यायचं नाही.

"मला सुरवात येती, शेवट येतो," बिरू म्हणाला. "मधली वाट आबालाच ठावं. चैतात जत्रा हाय."

"आन न्हाई निघालं तर?" मी मध्येच विचारलं. मला गप्प बसवत नाही.

"मग आबासंगं गेली म्हनायची ओवी."

हवालदारांनी पेचकस दातांत धरला. बराच वेळ. डोळे उघडून म्हणाले, "दमलीया. पर हाय."

त्या डिस्कची खालची पाटी जळाली होती. त्याच कंपनीची, त्याच बनावटीची दुसरी शोधायला ते सांगलीच्या भंगारवाल्यांकडं चार फेऱ्या मारून आले. पाटी बदलली. मग रोज सकाळी, ऊन चढायच्या आत, दहा मिनिटं वाचायची आणि तासभर विसावा द्यायचा. दहा मिनिटं, तासभर. "जनावर दमलं की हाकायचं न्हाई," असं मलाच शिकवायचे. अकरा दिवस हे चाललं. बिरू दर दोन दिवसांनी टेम्पो वळवून यायचा, दारात उभा राहायचा, काही न विचारता जायचा. मला त्याच्याकडं बघवायचं नाही.

बाराव्या दिवशी हवालदारांनी निरोप धाडला की आबांना घेऊन या.

आबांना खुर्चीसकट उचलून आणलं. उंच, वाळलेला म्हातारा, लाल मुंडासं, उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. हवालदारांनी पडदा त्यांच्याकडं वळवला. त्यावर आवाजाची रेघ, खाली-वर, खाली-वर, करवतीच्या दात्यांसारखी. त्यांनी बटण दाबलं आणि हात बांधून उभे राहिले.

रेघ पुढं सरकत होती. बिरूचा चेहरा उतरत चालला होता. हवालदार एकदा पडद्याकडं, एकदा बिरूकडं बघत होते आणि त्यांच्या कपाळावर, एवढ्या थंडीत, घाम आलेला मला माझ्या दारातून दिसला.

"वैनी," ते म्हणाले, "जरा या. आवाज येतोय का?"

मी आत गेले. आवाज कुठला? स्पीकरची चकती पार खाली फिरवलेली, शून्यावर. मी ती वर केली आणि धाडकन ढोलाचा ठेका आणि आबांचा भरदार आवाज आख्ख्या गाळ्यात भरला. माझ्या हातातली किल्ली पडली, बिरू दचकला, बाहेरचं कुत्रं उठून पळालं. हवालदार तसूभर हलले नाहीत. ते माझ्या तोंडाकडं बघत होते. माझं उत्तर यायची वाट बघत होते.

तोंडाकडं बघणं, पाठमोरं असताना उत्तर न देणं, फोन, दातांतला पेचकस, सगळं एका क्षणात उलगडलं. मी या माणसाला काय काय म्हटलं होतं!

मी मान डोलावली. तेवढ्यात त्यांचं लक्ष आबांकडं गेलं. आबांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर ठेका धरत होता. हवालदारांनी हात बघितला, रेघ बघितली, पुन्हा हात बघितला. दोन्ही बरोबर जुळत होते. मग कुठं त्यांनी श्वास सोडला आणि घाम पुसला. बिरू जमिनीवर बसून लहान पोरागत रडत होता.

"अजून ऐका," हवालदार म्हणाले. त्यांनी रेघ पुढं ओढली, पार तिसऱ्या तासाच्या शेवटाकडं. तिथं ती सपाट होती. "हितं गेलंय. तीन ओळी आसतील. आतल्या तबकडीवर ओरखडा हाय, मला न्हाई निघालं."

"मागचं-पुढचं जोडून टाका की," बिरू म्हणाला. "कुणाला कळतंय?"

"जोडणार न्हाई. जागा मोकळी सोडलीया."

तेवढा तुकडा त्यांनी लावून दाखवला. आवाज थांबला, गाळ्यात शांतता झाली. आबांचा हात मात्र थांबला नाही. शांततेतही ठेका चालूच होता, आणि जिथं पुन्हा ओवी सुरू झाली तिथं तो बरोबर ठेक्यावर होता. हवालदार त्या हाताकडं बघत राहिले. मीही बघितलं, पण मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

चार दिवसांनी मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. अगदी समोर, उजेडाकडं तोंड करून. "चहा सांगू का?"

ते हसले. "कळलं व्हय?"

"कळलं."

"फौजेतच गेले कान. जनरेटरपाशी ड्युटी, वर तोफा. उरलंसुरलं हितं आल्यावर गेलं. कानाला मशीन लावून बघितली, नुसती शिट्टी मारती." मग आवाज त्यांच्या परीनं खाली आणून म्हणाले, म्हणजे तो शेजारच्या तीन गाळ्यांतच गेला असेल, "कुणाला सांगू नका वैनी. बहिऱ्याकडं कोण आणंल मशीन? समदं काम आवाजावर चालतंय आसं वाटतंय लोकान्ला."

"पेचकसानं ऐकू येतं?"

"ऐकू येत न्हाई. हाडाला कळतं."

मी माफी मागितली. कशाबद्दल, ते त्यांना कळलं नाही, आणि मी सांगितलंही नाही. तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की मी माझ्या बाजूनं मधल्या फळ्यांच्या भिंतीवर दोनदा हात आपटायची. त्यांचं टेबल तिलाच टेकलेलं, त्यांना टेबलात कळायचं. मान वर करून तयार बसायचे.

चैत्रात जत्रेचं आवतण आलं. आम्ही दोघं गेलो. त्यांच्या मिसेस आपल्या आईपाशी थांबल्या होत्या. दिवसाची जत्रा, माळावर उघडं देऊळ, भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं. गिऱ्हाईक मंडळीही पुष्कळ, तो दसऱ्याचा बागायतदार, स्टुडिओवाला. बिरूनं सकाळी ओवी धरली. महिनाभर टेम्पोत कानाला लावून त्यानं ती पाठ केली होती. आबा देवळाच्या सावलीत खुर्चीवर. हवालदार ढोलवाल्याशेजारी खाली बसले, तळहात जमिनीवर टेकवून, आणि मधून मधून घड्याळ बघत होते. मला वाटलं कंटाळले.

तिसरा तास सरत आला आणि बिरू गप्प झाला. ती जागा आली होती. रेकॉर्ड जिथं गप्प तिथं तोही गप्प, तसंच त्यानं पाठ केलेलं. नुसता ढोल वाजत राहिला. सगळी जत्रा बिरूकडं बघत होती, मीही. हवालदार एकटे आबांच्या तोंडाकडं बघत होते.

"वैनी, कागुद!"

पिशवीत एक पाठकोरी झेरॉक्स होती, ती दिली. ते धावत जाऊन आबांपुढं उकिडवे बसले आणि ढोलवाल्याकडं बघून ओरडले, "वाजवत ऱ्हावा! थांबू नका!"

"काय झालं?" बिरू पळत आला.

"आबा म्हनत्यात. तुझ्या तीन ओळी. ढोल हाय तवर म्हनत्यात."

बिरूनं आबांच्या तोंडाला कान लावला. ढोलवाल्याचा हात चालूच. "न्हाई वो. काईच ऐकू येत न्हाई. तुमाला कसं आलं?"

आजूबाजूला माणसं जमली होती. बागायतदार होता, स्टुडिओवाला होता. हवालदारांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी मान हलवून नको म्हटलं, एवढं मला आठवतं.

"मला बी येत न्हाई!" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज सगळ्या माळावर गेला. "मला काईच ऐकू येत न्हाई गड्या. धा वर्सं झाली. म्हनून तर दिसतंय!"

पुढचं आताच सांगून टाकते. ज्याला ते भ्याले होते तेच झालं. लोक म्हणायला लागले, बहिऱ्याकडं काय द्यायची मशीन, आणि गिऱ्हाईक सांगलीला जायला लागलं. वर्षभरात सासू गेली आणि हवालदार मिसेसना घेऊन कोरेगावकडं आपल्या उसात निघून गेले. जाताना पेचकस खिशातच होता. तोंडाकडं बघून बोलणारं आता रांगेत कुणी नाही, आणि मला त्यांची आठवण येते. रोज येते.

पण माझ्या डोळ्यांपुढं राहिलेत ते त्या माळावरचे. ढोल पुन्हा पुन्हा तोच ठेका वाजवतोय आणि हा माणूस गुडघ्यांवर बसून आबांचे वाकडे ओठ वाचतोय. तीन ओळी कागदावर उतरल्या. मेंढरांचा तळ, म्हणजे वाडा, उठून चाललाय, असं ते गाणं :

वाडा हालला पहाटं, उतरला माळ
मागं ऱ्हायलं कोकरू, वरडतंय बाळ
माघारी वळलं ——, तुडवीत गाळ

"मधी काय हाय?" बिरूनं विचारलं.

"दिसलं न्हाई. तिथं त्यांचा व्हट वाकडा जातोय."

"मेंढरूच आसंल. आईबिगर कोन जाईल माघारी? घाला मेंढरू."

"अंदाजानं न्हाई," हवालदार म्हणाले. "वाजवा."

पाच वेळा वाजवलं. सहा वेळा. आबांच्या कपाळाची शीर फुगली होती, पण ते थांबले नाहीत. सातव्या खेपेला हवालदार त्यांच्या डाव्या अंगाला सरकले, जिथून धड बाजू दिसते, आणि मोकळ्या जागेत एक शब्द लिहिला. कागद आबांपुढं धरला. आबांनी तो वाचला नाही, त्यांना वाचता येत नव्हतं. हवालदारांनी मोठ्यानं म्हटलं, "कुत्रं?"

आबांनी डोळे मिटले आणि मान डोलावली, आणि ते अर्ध्या तोंडानं हसले.

मेंढरू नव्हतं ते. आईला कळपाबरोबर पुढं जावं लागलं होतं. माघारी वळलं ते कुत्रं.

बिरूनं कागद हातात घेतला, डोळे पुसले आणि रिंगणात जाऊन त्या तीन ओळी धरल्या. लोकांनी भंडारा उधळला. हवालदार उठले नाहीत. एक हात जमिनीवर टेकवून, बिरूकडं पाठ करून, आबांच्या हाताकडं बघत बसले होते. थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली.

"वैनी, आवाज येतोय का?"

मी त्यांच्या समोर जाऊन खाली बसले, आणि तोंड नीट उघडून म्हणाले, "येतोय."